ओट्याखाली, दारांआड वॉशिंग मशीन: आठ महिन्यांनंतर

स्वयंपाकघरात ओट्याखाली, कपाटाच्या दारांआड फ्रंट लोड मशीन बसवून आठ महिने झाले. मशीन साधंच आहे, कपाटात बसवायला खास बनवलेलं नाही. जवळजवळ रोज एकदा तरी लागतं.

पहिली चूक मापात झाली. माहितीपत्रकात डेप्थ ६० सेंटिमीटर होती, म्हणून कपाटही आतून ६०चंच करून घेतलं. मशीन आत सरकवलं तर पुढे पाच-सहा सेंटिमीटर बाहेर! पाणी येण्याच्या आणि सोडण्याच्या पाइपांना मागे वळायला जागा लागते, आणि मशीनचं फुगीर दार त्या ६०मध्ये धरलेलंच नव्हतं. पाइप दाबून बसवायचा मोह आवरला, कारण तो मुरगळला की पाणी अडतं. शेवटी सुताराने मागची प्लाय काढली आणि पुढची चौकट चार सेंटिमीटर पुढे आणली. तुम्ही माप घ्याल तेव्हा पाइप जोडून, मशीन भिंतीला लावून, मगच टेप धरा.

दुसरी गोष्ट बिजागऱ्यांची. साध्या बिजागरीने कपाटाचं दार काटकोनाच्या थोडंसंच पुढे जायचं. मग मशीनचं दार त्याला अडायचं आणि साबणाचा खणही पुरता बाहेर यायचा नाही. १६५ अंशांच्या बिजागऱ्या लावल्या आणि रोजची कटकट संपली.

नळ आणि प्लग मात्र सुरुवातीपासून शेजारच्या, सिंकखालच्या कपाटात घेतले होते. तो निर्णय सोन्यासारखा ठरला. एका रात्री जोडाशी पाणी ठिबकू लागलं, तेव्हा हात घालून नळ लगेच बंद करता आला. सत्तर किलोचं मशीन बाहेर ओढावं लागलं असतं तर? खालची पट्टी मात्र खिळ्यांनी ठोकली होती, आणि फिल्टर नेमका तिच्यामागे. आता ती क्लिपवर आहे, ओढली की निघते.

ट्रान्झिट बोल्ट, म्हणजे वाहतुकीत ड्रम हलू नये म्हणून लावलेले बोल्ट, काढलेले होते, तरी पिळताना ओट्यावरची भांडी खणखणायची. एका पायाचा लॉकनट ढिला होता. पाणसळ ठेवून चारही पाय नीट केले, नट आवळले, आवाज गेला.

सगळ्यात जीव खाल्ला तो दमटपणाने. धुणं काढलं की मी लगेच दारं लावायचे, स्वयंपाकघर नीटनेटकं दिसावं म्हणून. दुसऱ्या महिन्यात गास्केटच्या, म्हणजे मशीनच्या दाराभोवतीच्या रबराच्या, घडीत बोट फिरवलं तर काळा बुळबुळीत थर आणि कुबट वास. तेव्हापासून मशीन चालू असताना कपाट उघडंच ठेवते. धुणं झालं की गास्केट पुसते, मशीनचं दार किलकिलं ठेवते आणि कपाट दोन-तीन तासांनी लावते. दारांना वर-खाली हवेच्या जाळ्याही बसवल्या. वास परत आला नाही. उजव्या दाराची खालची कड मात्र तेवढ्यात फुगली. तिथे एज बँड, म्हणजे प्लायची कड झाकणारी पट्टी, लावायचा राहिला होता, ते दार आता बदलायला टाकलंय.