सेफारिया: वाचायला फुकट, पण मराठी करताना परवाना आधी बघा

सेफारिया म्हणजे ज्यू धर्मग्रंथांचं फुकट डिजिटल ग्रंथालय. तनाख (हिब्रू बायबल), मिश्ना (तोंडी चालत आलेल्या नियमांचा संग्रह), तालमूद (मिश्नावरची चर्चा), राशी आणि रामबाम हे मध्ययुगीन पंडित, सगळं एका अ‍ॅपात, वर्गणी नाही. काही महिने नुसतं वाचायला वापरलं तर तक्रारीला फारशी जागाच सापडत नाही. कोरेन प्रकाशनाचा छापील इंग्रजी तालमूद ४२ खंडांचा. पैसे तर जातातच, वर फडताळही नवं लागतं. कटकट सुरू होते ती मराठी करून वाटायला घेतलं की.

तालमूद उघडला की समोर येतं ते विल्यम डेव्हिडसन आवृत्तीचं इंग्रजी. ठळक अक्षरं म्हणजे मुळाचं शब्दशः भाषांतर, साधी म्हणजे रब्बी (ज्यू धर्मगुरू) स्टाइन्सॉल्ट्झ यांचं विवरण. २०१७ पासून हे खुलं आहे, पण परवाना क्रिएटिव्ह कॉमन्सचा, सीसी-बाय-एनसी: नाव द्या, वाटा, धंदा करू नका. त्या इंग्रजीवरून मराठी केलंत तर ही अट तुमच्या मराठीलाही चिकटते. पुस्तिका फुकट वाटा, काही हरकत नाही. झेरॉक्सचा खर्च निघावा म्हणून वीस रुपये लावले की वादाला तोंड फुटलं. जिथे सगळं मोकळं, तिथेच हा लगाम? फार खटकतं.

तालमूदमधल्या नेदारिम या ग्रंथाचं ३७अ (पान ३७, पहिली बाजू) वाचल्यावर मात्र मत थोडं बदलतं. तिथे मोशे (मोझेस) म्हणतात, मी फुकट शिकवलं, तसंच तुम्हीही फुकट शिकवा. मग शास्त्रपाठ शिकवणारे पैसे घेतात ते कशाचे? तालमूदमधले एक पंडित रव म्हणतात, मुलं सांभाळल्याचे. दुसरे, रब्बी योहानान म्हणतात, गायनचिन्हांनुसार (पाठ सुरात म्हणण्याच्या खुणा) वाचायला शिकवल्याचे. तोराला, म्हणजे धर्मशिकवणीला, मोल लावायचं नाही, कष्टाला लावता येतं. तालमूदचं मूळ मुख्यतः अरामी भाषेत, तेही कुणाच्या मालकीचं नाही, हक्क आहेत ते भाषांतराचे. इथे निम्मा राग उतरतो.

उरलेला निम्मा कायम, कारण परवाना प्रत्येक आवृत्तीचा वेगळा. ओळीवर टॅप केलं की पट्टी उघडते. तिथे भाषांतरांची यादी आणि मजकुराची माहिती बघा, परवाना त्यातच असतो. कॉपी केलेल्या मजकुरासोबत तो येईल असं धरून चालू नका, लगेच स्वतः लिहून ठेवा. तनाखसाठी जेपीएस (ज्यूइश पब्लिकेशन सोसायटी) १९१७ घ्या: इंग्रजी जुनाट, पण सार्वजनिक मालकीचं. त्यानंतरची जेपीएस भाषांतरं सोपी आहेत, पण तशी मोकळी नाहीत. तालमूदचं मराठी विकायचं असेल तर अरामीवरूनच करा, दुसरा सरळ रस्ता नाही.

संदर्भ देताना आणखी एक घोळ होतो. ३७अ:२ मधला शेवटचा आकडा सेफारियाच्या तुकड्यांचा आहे, तालमूदच्या प्रचलित छापील (विल्ना) आवृत्तीच्या पानावर तो नसतो. छापील प्रत समोर ठेवून बसणाऱ्यांसाठी पान आणि बाजू एवढंच द्या.

आता छपाई. पुण्यात १८७४ साली हिब्रू-मराठी हग्गादा (पेसाख सणाच्या रात्री वाचायची पोथी) छापून झाली, आणि वर्डला अजून दोन लिपी एका ओळीत झेपत नाहीत! हिब्रू उजवीकडून, मराठी डावीकडून. मधे आकडा किंवा कंस आला की तो भलत्याच टोकाला जातो. दोन रकान्यांचं टेबल करा, हिब्रूच्या रकान्यात परिच्छेदाची दिशा उजवीकडून डावीकडे ठेवा. तोरापाठाचा सराव नसेल तर गायनचिन्हं सेटिंगमध्ये बंद करूनच कॉपी करा, नाहीतर साध्या फॉन्टमध्ये ती स्वरचिन्हांवर (स्वर दाखवणाऱ्या खुणांवर) चढतात. एसबीएल हिब्रू किंवा एझ्रा एसआयएल लावला तर दोन्ही नीट बसतात. पीडीएफ काढताना फॉन्ट त्यातच एम्बेड करा, नाहीतर झेरॉक्सवाल्याच्या संगणकावर हिब्रूच्या जागी नुसत्या चौकटी छापून येतील.