बिडाचा तवा आणि चोवीस तासांची मुदत: दोन ॲफिलिएट योजना वापरून बघितल्यावर

मी मिरजेत राहते आणि चार वर्षं बिडाच्या भांड्यांवर मराठीत व्हिडिओ करते. नवा तवा तेल लावून तयार कसा करायचा, आंबोळी चिकटली तर नेमकं काय चुकलं, गंज धरला तर तवा टाकायचा का नाही, असले विषय. भांडी मी विकत नाही. जे वापरून पटलं त्याची लिंक देते, आणि त्यातून कोणी घेतलं तर मला कमिशन मिळतं. याला ॲफिलिएट योजना म्हणतात. या वर्षात तीन छोट्या उत्पादकांनी मला विचारलं, "ताई, आम्हालाही अशी योजना काढायची आहे, काय काय ठेवू?" त्यांच्यासाठी आणि नव्याने या कामात येणाऱ्यांसाठी हे लिहिते आहे.

सुरुवात मी ॲमेझॉन असोसिएट्सपासून केली. जुलै १९९६ मध्ये निघालेली ही योजना आजही बहुतेकांची पहिली पायरी असते, आणि त्याला कारण आहे. फी नाही, वस्तूंना तोटा नाही, लिंक दोन मिनिटांत तयार होते. अट एवढीच की पहिल्या १८० दिवसांत निदान तीन विक्री व्हायला हव्यात. मला सगळ्यात आवडलेली गोष्ट अशी, की माणूस तव्याच्या लिंकवरून आत गेला आणि त्याने पायपुसणं घेतलं तरी कमिशन मिळतं. नव्या माणसाला याचा मोठा आधार वाटतो.

आता मुदतीचं. लिंकवर क्लिक केल्यापासून २४ तासांत खरेदी झाली तर ती तुमच्या नावावर लागते. त्या वेळात वस्तू कार्टमध्ये टाकली असेल तर साधारण ९० दिवस मिळतात. गाळणी, पुस्तक, मोबाइलचं कव्हर यांना एक दिवस पुरतो. अडीच किलोच्या तव्याला पुरत नाही. तवा घेणारी बाई सोमवारी व्हिडिओ बघते. सासूबाई म्हणतात, माळ्यावर जुना आहे तो काढून बघू. तो निघतो तडा गेलेला. मग पगार होईपर्यंत थांबायचं. तीन आठवडे सहज जातात. आणि आमच्या बायका कार्टमध्ये टाकून ठेवत नाहीत, स्क्रीनशॉट काढून घरच्या ग्रुपवर टाकतात. स्क्रीनशॉटमध्ये लिंक नसते.

योजना आखणाऱ्याने टक्केवारीच्या आधी हे बघायला हवं, असं मला मनापासून वाटतं. आपलं गिऱ्हाईक ठरवायला किती दिवस घेतं आणि एकमेकांना कसं सांगतं, त्यावर मुदत ठरली पाहिजे.

दुसरी योजना कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीवाल्यांची, म्हणजे बीड ओतून तवे करणाऱ्या कारखान्याची. नाव लिहीत नाही, कारण त्यांच्याकडून मला दर महिन्याला पैसे येतात आणि इथे नाव घेतलं तर ही जाहिरात होईल. त्यांनी मला लिंक दिलीच, ६० दिवसांच्या मुदतीची, पण सोबत एक कोडही दिला. चार अक्षरं आणि दोन आकडे, मराठीत तोंडाने सांगता येईल असा. तो स्क्रीनशॉटमध्ये दिसतो. आणि फोनवर ऑर्डर देणाऱ्या मावशींनी तो सांगितला तरी वहीत माझ्या नावापुढे नोंद होते. त्यांच्या जवळजवळ निम्म्या ऑर्डरी फोनवरच येतात. ही एक सोय नसती तर माझं निम्मं काम कुणाच्या हिशेबातच आलं नसतं.

कोड सांगणाऱ्याला शंभर रुपये सूट. १४५० चा तवा १३५० ला पडतो आणि त्यावर १२ टक्के, म्हणजे १६२ रुपये मला. माल परत करायची दहा दिवसांची मुदत संपली की ऑर्डर पक्की, आणि पुढच्या महिन्याच्या सात तारखेला बँकेत पैसे. सोबत कागद येतो: ऑर्डर नंबर, तारीख, रक्कम, रद्द झालेली असेल तर का झाली. कापलेला टीडीएस वेगळा दाखवलेला असतो. (कमिशनवरच्या टीडीएसचा दर १ ऑक्टोबर २०२४ पासून ५ वरून २ टक्के झाला.) ॲमेझॉनचे पैसे महिना संपल्यावर साधारण ६० दिवसांनी येतात. एवढ्या मोठ्या पसाऱ्यात परताव्यांचा हिशेब लागायला वेळ लागणार, हे मला कळतं. पण नव्या माणसाला पहिले पैसे लवकर दिसले तर तो टिकतो.

पैशापेक्षा मी टिकले ते वागणुकीमुळे. सामील होण्याआधीच त्यांनी दोन तवे पाठवले आणि म्हणाले, महिनाभर वापरा, वाईट वाटलं तर तसं सांगा. मी व्हिडिओत सांगितलं की कानांच्या कडा खरबरीत आहेत, हाताला लागतात. दुसऱ्या दिवशी फोन आला तेव्हा पोटात गोळा आला होता. त्यांनी फक्त विचारलं, "कुठल्या बाजूला?" पुढच्या लॉटच्या कडा घासून आल्या. गणपतीच्या आधी तव्यांचा साठा संपत आला, तर पंधरा दिवस आधी मला मेसेज होता. संपलेल्या मालाची लिंक घेऊन लोक माझ्यावर चिडतात, कारखान्यावर नाही, हे त्यांना न सांगता कळलेलं आहे. फोटो, वजन, तळाचा व्यास, कुठल्या शेगडीवर चालतो, हे सगळं एका फाइलमध्ये मिळतं. "ॲफिलिएट मॅनेजर" असं पद तिथे नाही. हिशेब बघणारी एक मुलगी आहे, ती उत्तर देते, आणि त्याच दिवशी देते.

कमिशन घेते हे लोकांना सांगायचं वाक्यसुद्धा त्यांनी मराठीत लिहून दिलं: "हा कोड वापरलात तर तुम्हाला शंभर रुपये सूट आणि मला कमिशन मिळतं." ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी २०२३ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार असे आर्थिक संबंध स्पष्ट सांगावेच लागतात. तरी कित्येक योजना हे ॲफिलिएटवर सोडून देतात. मी वाक्य व्हिडिओच्या सुरुवातीला बोलते. त्याने एकही ऑर्डर कमी झाली नाही.

दर अचानक बदलणे हा या धंद्यातला सगळ्यात मोठा धाक. एप्रिल २०२० मध्ये ॲमेझॉनने अमेरिकेत फर्निचरचं कमिशन ८ वरून ३ टक्क्यांवर आणि किराण्याचं ५ वरून १ वर आणलं, आठवड्याभराच्या सूचनेवर. मला स्वतःला हा चटका बसला तो एका वेगळ्या, छोट्या विक्रेत्याकडे. १५ टक्के ठरले होते, दुसऱ्याच महिन्यात ८ झाले, तेही आधी लागलेल्या ऑर्डरींसकट. अकरा व्हिडिओंखालच्या लिंका काढायला दोन रात्री बसले. फाउंड्रीच्या करारात लिहिलं आहे की दर बदलण्याआधी ६० दिवस कळवू आणि झालेल्या ऑर्डरींना जुनाच दर देऊ. मी सही केली ती या ओळीवर.

उणं काय? किती लोकांनी लिंक उघडली हे मला दिसत नाही, फक्त विक्री दिसते. त्यामुळे व्हिडिओ चालला नाही की तवा महाग वाटला, हे समजत नाही. दुसरं जास्त गंभीर आहे. मागच्या ऑक्टोबरात नवा व्हिडिओ नसताना आठवड्यात चाळीस ऑर्डरी माझ्या कोडवर पडल्या. शोधलं तर कोणीतरी कोड एका कूपनच्या साइटवर, म्हणजे सूट देणारे कोड गोळा करणाऱ्या साइटवर, टाकला होता. ते गिऱ्हाईक माझं नव्हतंच. मी स्वतः फोन करून सांगितलं. त्यांनी त्या चाळिसाचे पैसे दिले आणि कोड बदलला. आता तो दर तीन महिन्यांनी बदलतो, आणि जुन्या व्हिडिओंमध्ये तोंडाने सांगितलेला कोड मेलेला असतो. पुसून पुन्हा बोलता येत नाही. मी त्यांना सुचवलंय की जुना कोड फोनवरच्या ऑर्डरींसाठी तरी चालू ठेवा, कूपनच्या साइटवरून आलेला माणूस फोन करत नाही. हिशेब बघणारी मुलगी म्हणाली, "मालकांना विचारून शनिवारी सांगते."