आठ महिने एआयकडून चित्रं काढून घेतली, त्याचा अनुभव

आमची साताऱ्यात छोटी प्रेस आहे. लग्नपत्रिका, बिलबुकं, मंडळांचे फ्लेक्स आणि वर्षाला एकदोन दिवाळी अंकांची मुखपृष्ठं. चित्रं मीच काढते. आठ महिन्यांपूर्वी भाच्याने चित्रं बनवणाऱ्या एका एआय ॲपचा पेड प्लॅन घेऊन दिला, म्हणाला मामी आता तुझा हात दुखायचा बंद होईल. ॲपचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण बाकीची दोनतीन पण फुकटात वापरून बघितली आणि सगळ्यांची तऱ्हा थोड्याफार फरकाने तीच.

आधी चांगलं सांगते. बॅकग्राऊंडला तोड नाही. पूर्वी एका फ्लेक्ससाठी ढग, किल्ला, सोनेरी उजेड असलं काहीतरी शोधण्यात अर्धी दुपार जायची, आता चहा होईपर्यंत चार येतात. रंगसंगती बघायला पण भारी, गिऱ्हाइकाला समोर बसवून हिरवं नको जांभळं दाखवा म्हटलं की लगेच दाखवता येतं.

गंमती पण आहेत. नऊवारीतल्या बाईची नथ उजव्या नाकपुडीत, काष्टा मागे नाहीच. मोदक मागितले तर थेट मोमो. आणि अक्षरं तर विचारूच नका, ‘शुभविवाह’ लिहायला सांगितलं तर असं काहीतरी आलं की लांबून मराठी वाटावं आणि जवळून कुठलीच भाषा नसावी. अक्षरं मी अजून कोरलड्रॉ या डिझाईनच्या सॉफ्टवेअरमध्येच टाकते. या चुका पुढच्या व्हर्जनला सुधारतीलही, त्याबद्दल माझी तक्रार नाही.

तक्रार वेगळी आहे. मार्चमध्ये एका पार्टीला वारली डिझाईनची पत्रिका हवी होती. वारलीत लग्नाचा चौक असतो, सवाशिणी भिंतीवर तांदळाच्या पिठाने काढतात, मधे पालघट देवी, म्हणजे लग्नपत्रिकेला याहून योग्य काय असणार? मी ‘वारली लग्नाचा चौक’ असं टाइप केलं तर ॲपने चक्क रस्त्याचा चौक काढून दिला, मधोमध कारंजं आणि बाजूने वरात! हसून हसून पुरेवाट. मग नीट समजावून सांगितलं, तारपा नाच मागितला, तारपा म्हणजे वारल्यांचं फुंकून वाजवायचं वाद्य. पहिल्या नजरेला फसाल असं चित्र आलं, गेरूचा रंग, पांढरे त्रिकोण, सगळं जिथल्या तिथे. पण तारपेवालाच नाही. त्याच्या जागी ढोलकीवाला, तोही रिंगणाच्या बाहेर उभा. अहो, तो नाच तारप्याच्या तालावर वळतो, वाजवणारा मधे असतो म्हणून तर ते गोल गोल वेटोळं होतं. इथे नुसती बंद बांगडी, आणि सगळ्यांचे पाय एकाच कोनात, एक काढून कॉपी पेस्ट केल्यासारखे. खऱ्या चित्रात बांबूच्या काडीने रेघ ओढतात, ती सुरुवातीला जाड आणि पीठ संपत आलं की फिकी, त्यामुळे ती माणसं हलताना दिसतात. शेवटी पत्रिका मी हातानेच केली, दोन रात्री गेल्या.

भाचा वाद घालतो. २०२२ साली अमेरिकेत कोलोरॅडोच्या स्टेट फेअरमध्ये मिडजर्नी नावाच्या एआयवर केलेल्या चित्राला डिजिटल गटात पहिलं बक्षीस मिळालं, ते तो मला दर आठवड्याला ऐकवतो. मी पण वाचलं त्याच्याबद्दल. जेसन ॲलन नावाच्या त्या माणसाने सहाशेच्या वर वेळा सूचना बदलून बदलून ते केलं होतं असं त्यानेच सांगितलंय. आता मी आठ महिने हेच करतेय त्यामुळे मला माहितीये, त्यातलं पाचशे नव्व्याण्णव वेळा ‘हे नाही’ म्हणणारं कोण होतं? मशीन तर प्रत्येक वेळी खूशच असतं. तिथल्या कॉपीराइट ऑफिसने मात्र २०२३ मध्ये त्याला नोंदणी नाकारली, का तर मशीनने बनवलेल्या भागावरचा हक्क तो सोडायला तयार नव्हता. म्हणजे त्याची एवढी मेहनतही त्यांनी धरली नाही, ते मला जरा जास्तच वाटलं.

दिवाळी अंकाच्या वेळी असंच मशीनला ‘हे नाही’ म्हणावं लागलं. विषय होता ‘माहेर’. साठेक चित्रं काढून घेतली, प्रत्येकात पणत्या, तुळस, उजेड, दारात हसरी आजी. संपादक ताई म्हणाल्या, छान आहे हो, पण हे कुणाचं घर आहे? मला उत्तरच सुचेना. मग घरी येऊन पेनाने आमच्या आईच्या घराची मागची पायरी काढली, कोपरा फुटलेली, तिथे उलटी घातलेली बादली आणि वर वाळत टाकलेलं पायपुसणं. एकही पणती नाही. तेच छापलं.

पण सगळं माझ्याच बाजूने लिहिलं तर खोटं होईल. गणपतीत एका मंडळासमोर दोन फ्लेक्स ठेवले, एक माझा, एक ॲपचा, कुठला कुणाचा ते सांगितलं नाही. पोरांनी एका मिनिटात ॲपचा उचलला, म्हणाली काकू हा एकदम खतरनाक दिसतोय! वाईट वाटलं, दिवसभर वाटलं. आणि त्यातल्या उंदराला पाच पाय होते, ते बघितलं फक्त मी, रात्री बसून एक पाय खोडला आणि फ्लेक्स छापायला दिला.

पाचपैकी तीन स्टार. प्लॅन अजून बंद केलेला नाही, बॅकग्राऊंड लागतातच.