‘बारा नंबर, सेम’ : ताण आणि संवादाच्या ट्रेनिंगनंतरचे नऊ महिने

ट्रेनिंगच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फीडबॅक फॉर्म भरून घेतला, तेव्हा मी पाचपैकी पाच देऊन मोकळी झाले. जेवण चांगलं होतं, दोन दिवस वॉर्डातून सुटका होती आणि फॉर्मवर नाव घालायचं होतं. आता नऊ महिने झालेत आणि नाव घालायचं नाहीये, म्हणून खरं काय ते लिहिते.

मी पुण्यातल्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात स्टाफ नर्स आहे. अकरा वर्षं झाली, त्यातली सात मेडिकल वॉर्डात. बेड ३२, दिवसा चौघी, नाइटला दोघी. एखादी रजेवर गेली की दुसऱ्या वॉर्डातून उसनी आणायची. एनएबीएचचं (हॉस्पिटलांना दर्जाची मान्यता देणारं मंडळ) इन्स्पेक्शन जवळ आलं की आमच्याकडे ट्रेनिंगचा हंगाम लागतो : आग विझवणं, बायोमेडिकल कचरा, सुई टोचली तर काय करायचं. या वेळी यादीत ‘ताण व्यवस्थापन व संवादकौशल्य’ होतं. दोन पूर्ण दिवस, मग सहा आठवडे दर बुधवारी ड्युटी संपल्यावर एक तास. म्हणजे दोनला सुटणाऱ्या बाईनं ताण कमी करण्यासाठी तीनपर्यंत थांबायचं!

पहिल्या दिवशी सकाळी साडेनऊला हात वर करून हसायला लावलं. डॉ. मदन कटारियांनी १९९५ मध्ये मुंबईत हास्यक्लब सुरू केला, त्याचं हे ऋण आपण अजून फेडतोय. नाइट करून थेट आलेल्या एका ब्रदरनं, म्हणजे पुरुष नर्सनं, हसता हसता भली मोठी जांभई दिली, तिला मात्र सगळे मनापासून हसले.

नंतरचा तास कामाचा निघाला. बर्नआउटला जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये आपल्या आजारांच्या सुधारित वर्गीकरणात जागा दिली, पण आजार म्हणून नाही, कामाशी जोडलेली स्थिती म्हणून. तिची तीन लक्षणं : अंगातलं त्राण जाणं, कामापासून मन तुटणं किंवा कडवट होणं, आणि आपल्या हातून काही धड होत नाही असं वाटणं. दुसरं लक्षण ऐकताना मी खाली बघायला लागले. पेशंटना नावानं हाक मारणं कधी सुटलं तेच आठवेना. ‘चौदा नंबरला सलाइन लाव’, ‘नऊ नंबरचे नातेवाईक आले’, असंच चाललेलं.

श्वासाचे व्यायाम शिकवले. चार आकडे श्वास आत, सहा आकडे बाहेर. बाहेरचा श्वास लांबवला की छातीतली धडधड उतरते. हे खरं आहे, मी पल्स धरून पाहिलंय. पण ‘रोज सकाळी वीस मिनिटं शांत बसा’ हे ज्यांच्या घरी सहाला डबे भरायचे नसतात त्यांनी करावं. माझं चार दिवस टिकलं. मग एक युक्ती सापडली. दोन पेशंटच्या मध्ये हाताला सॅनिटायझर चोळायचं असतं, नियमानं वीस ते तीस सेकंद. तेवढ्यात असे दोन-तीन श्वास आरामात बसतात. हात तर चोळायचेच असतात, वेगळा वेळ काढावा लागत नाही. एकेका शिफ्टमध्ये तीस-चाळीस वेळा होतं. इन्फेक्शन कंट्रोलवाल्या सिस्टर माझ्यावर खूश आहेत, त्यांना कारण माहीत नाही.

अमेरिकन डॉक्टर जेकबसन यांची स्नायू आवळून सोडण्याची पद्धत शंभरएक वर्षं जुनी आहे. पायाच्या बोटांपासून सुरुवात करून एकेक भाग आवळायचा आणि सोडायचा. नाइट संपवून दिवसा झोपताना तिचा उपयोग होतो, मी बहुतेक वेळा पोटापर्यंत पोचायच्या आत झोपते. कृतज्ञतेची डायरी नऊ दिवस लिहिली. दहाव्या दिवशी लेकीनं तिच्यात पाढे लिहिले.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं ते.

आमच्याकडे ड्युटी बदलताना ‘ओव्हर’ देतात, म्हणजे पुढच्या शिफ्टला पेशंटची माहिती. टेबलाशी उभं राहायचं, रजिस्टर उघडायचं आणि म्हणायचं, “दहा नंबर, सेम. अकरा, सेम. बारा, सेम.” काल काय होतं ते ऐकणारीला माहीत आहे असं धरून. तिची काल सुट्टी असली तर? मग राउंडला डॉक्टर विचारतात, ती सापडते, तिला वाटतं आधीच्या शिफ्टनं मुद्दाम लपवलं, आणि दोन दिवस अबोला. सात वर्षांतली आमची निम्मी भांडणं मी आठवून पाहिली. बहुतेकांच्या मुळाशी एक ‘सेम’ होतं.

ट्रेनिंगमध्ये ‘एसबार’ शिकवलं. अमेरिकी नौदलाच्या अणुपाणबुड्यांवरची ही बोलण्याची पद्धत, पुढे तिथल्या कैसर पर्मनंटे या आरोग्यसंस्थेनं दवाखान्यांत आणली. आत्ता काय झालंय, आधीचं काय, मला काय वाटतं, काय करायला हवं (हे शेवटचं म्हणजे रेकमेंडेशन). बस, एवढंच. पहिले दोन भाग आम्हाला येत होते. जीभ अडली ती तिसऱ्यावर. ‘मला काय वाटतं’ हे नर्सिंगच्या कॉलेजात आम्हाला कुणी विचारलंच नव्हतं.

पूर्वी रात्री फोन कसा जायचा बघा. “सर, चौदा नंबरचं बीपी लो आहे, येता का?” “किती आहे?” “थांबा, बघून सांगते.” तिकडून उसासा. इकडे माझ्या पोटात गोळा.

तिसऱ्या महिन्यात एका रात्री पावणेतीनला मी असा फोन केला : “सर, चौदा नंबरच्या आजी, बीपी ८४/५०, पल्स १२४, श्वास २८, ताप १०२. डायबेटिक आहेत, युरिन इन्फेक्शनसाठी काल दाखल झाल्यात, चार तासांत लघवी फक्त ६० मिली. मला सेप्सिसची शंका येतेय. तुम्ही लगेच या, तोवर फ्लुइड सुरू करू का?” सेप्सिस म्हणजे इन्फेक्शन अंगभर भिनून जिवावर बेतणं. फोन करण्याआधी हे सगळं कागदावर लिहिलं होतं, हात कापत होता. पलीकडे क्षणभर शांतता. मग, “करा, आलोच.” आजींना आयसीयूत हलवलं. त्या सकाळी घरी जाताना मी दमले होते, पण चिडलेली नव्हते. या दोन्हींत फरक असतो हे मला तेव्हा कळलं.

फोनवरची ऑर्डर लिहून घेऊन परत वाचून दाखवायची, हेही आता पक्कं झालंय. फोनवर ‘फिफ्टीन’ आणि ‘फिफ्टी’ सारखंच ऐकू येतं, म्हणून ‘वन-फाइव्ह’ असं फोड करून विचारायचं. आमच्यात दोघी केरळच्या आहेत, ओव्हर मराठी-हिंदी-इंग्रजीच्या खिचडीत चालते. क्रम ठरलेला असला की खिचडीसुद्धा पचते.

पण सगळे डॉक्टर काही शिकून आले नव्हते. आम्ही चाळीसजण होतो, त्यांत डॉक्टर दोन, तेही दुपारच्या चहापर्यंत. त्यामुळे सुरुवातीला एका रेसिडेंटनं, म्हणजे शिकाऊ डॉक्टरनं, ऐकवलंच, “सिस्टर, रेकमेंडेशन आता तुम्ही देणार?” मी म्हटलं, “देणार नाही सर, विचारतेय.” उत्तर शिकवलेलं नव्हतं, तोंडात आलं. पन्नाशीतल्या सिस्टरला पंचविशीतल्या मुलासमोर शब्द तोलून बोलायला शिकवायचं आणि त्या मुलाला काहीच शिकवायचं नाही, हा या कोर्सचा सगळ्यात मोठा दोष.

मार्शल रोझेनबर्ग यांची अहिंसक संवादाची पद्धतही होती : जे दिसलं ते, मग वाटलं ते, मग गरज, मग विनंती. आमच्या मराठीत तिची पार बातमीपत्रासारखी गत झाली. मी सहकारी मैत्रिणीला म्हटलं, “तू सव्वाआठला येतेस तेव्हा मला अस्वस्थ वाटतं, कारण मला वेळेवर निघण्याची गरज आहे.” ती म्हणाली, “तुला ताप आलाय का?” पुढच्या वेळी सरळ म्हटलं, “अगं, सव्वाआठ झाले, माझी ८.२० ची बस जाते नि मग घरी जाऊन मी पोरीवर चिडते. आठला ये ना.” आली. नंतर मोजलं तर चारही पायऱ्या त्यात होत्या.

नातेवाइकांचं सांगते. वॉर्डाच्या दारावर २०१० च्या कायद्याचा बोर्ड आहे : हल्ला केल्यास तीन वर्षांपर्यंत कैद, ५० हजारांपर्यंत दंड. तो वाचून कुणी शांत झाल्याचं मी पाहिलेलं नाही. “शांत व्हा” म्हटल्यावर तर कुणीच होत नाही. उपयोग होतो तो वेळ सांगण्याचा. “डॉक्टर अकराला येतील. साडेअकराला मी स्वतः येऊन सांगते, आले नाहीत तरी सांगते.” आणि मग खरंच जायचं. एकदा विसरले, तर कॉरिडॉरमधला आवाज लिफ्टपर्यंत ऐकू गेला.

कमी माणसांवर यातलं काहीच चालत नाही. नाइटला दोघींनी ३२ पेशंट बघायचे, तिथे लांब श्वास घेऊन पाचवा हात उगवत नाही. बर्नआउट कामाच्या जागेचा प्रश्न आहे असं सकाळी सांगितलं आणि दुपारपासून सगळे व्यायाम आमच्याकडूनच करून घेतले. मी ते बुधवारी विचारलंही. ट्रेनर मॅडम प्रामाणिक होत्या, म्हणाल्या, “ते माझ्या हातात नाही.” कँटीनमध्ये टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ नंबर लावलाय, ते चांगलं केलं. ड्युटी लिस्ट जशी होती तशीच. डबल ड्युटीला “आज जमणार नाही” एवढंच म्हणायला मात्र शिकले, कारणांची माळ न लावता. इन्चार्ज सिस्टर तीन दिवस बोलल्या नाहीत. चौथ्या दिवशी बोलल्या.

मागच्या आठवड्यात सकाळी आमच्या वॉर्डातल्या मदतनीस मावशी औषधांच्या ट्रॉलीपाशी आल्या. त्यांना ट्रेनिंगला कुणी बोलावलं नव्हतं. म्हणाल्या, “सिस्टर, सहा नंबरच्या आजी रोज चहा मागून घेतात, आज नको म्हणाल्या. बोलणंही जड वाटतंय. मला काही बरं दिसत नाही. आधी त्यांना बघा, गोळ्या मागनं वाटा.” साखर तपासली, ५२ निघाली, म्हणजे फारच कमी.

पुढच्या महिन्यात रिफ्रेशर आहे. मी जाणार आहे. इन्चार्ज सिस्टरना चिठ्ठी दिलीय, की यादीत मावशींचं नाव घाला आणि निदान चार रेसिडेंट, तेही पूर्ण दिवस. यादी अजून लागलेली नाही.