तालमीचा फळा, व्हॉट्सॲप ग्रुप की चॅनेल: गावच्या खेळांची खबर कुठं द्यावी?

परवा तासगावकडचा एक पोरगा माझ्या दुकानात येऊन बसला. त्याच्या गावात जुनी तालीम आहे, मुलींचा कबड्डीचा संघ आहे, सुगी उरकली की टेनिस बॉलच्या स्पर्धा भरतात. या सगळ्याची खबर लोकांना द्यायचं काम आजवर तालमीतले एक आबा करायचे. त्यांना आता दिसायला कमी आलंय, म्हणून ते काम याच्याकडं आलं. त्यानं विचारलं, "दादा, फळाच चालू ठेवू, ग्रुप काढू का सरळ चॅनेल करू?"

सांगलीत मी हेच काम बारा वर्षं करतोय. दुकान सांभाळून, आवडीनं. कुठं मैदान (म्हणजे कुस्त्यांची स्पर्धा) आहे, पैलवानांची वजनं किती वाजता, कुठली मॅच पुढं गेली, एवढंच. तिन्ही साधनं वापरून झालीत. त्याला तासभर जे सांगितलं तेच इथं लिहितोय. असा प्रश्न पडलेली पोरं आणखी गावांत असणार.

पहिली खबर कशीही पोचते. मैदान ठरलं म्हटलं की चहाच्या टपरीवर सुद्धा कळतं. कस लागतो तो खबर बदलल्यावर. ज्यानं पहिली वाचली त्याच्यापर्यंत दुसरी जाते का, एवढं बघून साधन निवडावं. मला हे एका संध्याकाळी कळलं.

चैत्रातल्या एका यात्रेचं मैदान होतं. दुपारी बारा-एकला वळीव आला आणि फडाचा चिखल झाला. कमिटीनं कुस्त्या दोन दिवस पुढं ढकलल्या. मी दोन वाजता ग्रुपवर टाकलं: मैदान रद्द, आता गुरुवारी. साडेचारला सहज फडाकडं गेलो, तर जतकडून एक जीप येऊन थांबलेली. एक बाप आणि त्याची दोन पोरं, एक दहाचा, एक तेराचा. थोरल्याच्या हातात पिशवी, पिशवीत कुस्तीची लांग. बापानं मोबाईल माझ्यापुढं धरला. त्यावर मीच तयार केलेलं पोस्टर, खाली माझं नाव. "हे तुमचंच न्हवं?" एवढंच म्हणाला तो, आवाज न चढवता. ते पोस्टर कुणीतरी कुणाला, त्यानं आणखी कुणाला असं करत जतपर्यंत गेलं होतं. माझा दोनचा मेसेज मात्र माझ्या ग्रुपातच राहिला. कुस्ती आहे म्हणून पोरांनी सकाळपासून पोटभर खाल्लं नव्हतं. मी तिघांना घरी नेलं, भाकरी-आमटी वाढली. धाकटा जेवताना दोनदा म्हणाला, "गुरुवारी परत यायचं का?" बापाला परत भाडं घालून येणं जमणार नव्हतं, हे त्याच्या तोंडाकडं बघूनच कळत होतं.

पावसाचं कुणाच्या हातात नाही. एप्रिल २०२२ ला साताऱ्यात शाहू स्टेडियमवर महाराष्ट्र केसरी भरली, तिथंही वळवानं कुस्त्या अडवल्या होत्या. राज्याच्या स्पर्धेला पाऊस सोडत नसेल तर गावच्या फडाला काय सोडणार? म्हणून बदल होणार हे धरूनच सगळी मांडणी करावी.

फळा

फळ्याला लोक जुनाट म्हणतात, मला ते पटत नाही. फळ्यावरची जुनी खबर पुसली की संपते. जतला गेलेल्या पोस्टरसारखी ती मागं भटकत राहत नाही. ज्यांच्याकडं साधा फोन आहे, ज्यांचा डेटा संपलाय, ती सगळी माणसं डेअरीला दूध घालायला जाताना फळा वाचतात. गावातली म्हातारी माणसं हीच कुस्तीची खरी जाणकार असतात. त्यांना वगळून केलेली सोय मला सोय वाटत नाही.

अडचण उघड आहे. फळा गावाबाहेर जात नाही. आणि हल्ली फळ्याचाही फोटो काढून पुढं पाठवतात, म्हणजे तोही भटकायला लागलाय. यावर दोन गोष्टी नेमानं कराव्यात. फळ्याच्या कोपऱ्यात लिहिल्याची तारीख आणि वेळ टाकावी. आणि "उद्या" हा शब्द कधी लिहू नये. मंगळवारी लिहिलेला "उद्या" बुधवारी सुद्धा "उद्या"च वाचला जातो. वार आणि तारीख दोन्ही लिहावं. आबांच्या फळ्यावर हे दोन्ही असायचं असं तो पोरगा म्हणाला. त्या आबांचा हात धरून त्यानं आणखी महिनाभर शिकावं असं मला वाटतं.

तोंडी निरोपाचंही एक वाक्य. १९५२ ला हेलसिंकीहून कांस्यपदक घेऊन खाशाबा जाधव आले, तेव्हा कराड-गोळेश्वरला शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. कुणाच्या हातात फोन नव्हता. एकच ठिकाण, एकच आनंद असला की निरोप तोंडातोंडी धावतो. पण "चार वाजता नाही, सहाला" असला निरोप तोंडी दिला की तिसऱ्या माणसापाशी तो पाच वाजता होतो.

ग्रुप

ग्रुपचा मोठा गुण म्हणजे लोक उलट विचारतात. "मातीवर का मॅटवर?" "पस्तीस किलोचा गट आहे का?" "मुक्कामाची सोय?" मी खबर लिहिताना काय विसरतो ते मला या प्रश्नांनीच शिकवलं. आज मी मैदानाची खबर लिहितो तेव्हा ठिकाण, वार-तारीख, वजनाची वेळ, माती की मॅट, कुणाची कुणाशी कुस्ती ते जोड आधी ठरलेत की फडात लावणार, आणि फोन कुणाला करायचा, एवढं न चुकता असतं. ही यादी ग्रुपनं घडवली.

एका ग्रुपात १०२४ माणसं मावतात. गावाला हे पुरतं, तालुक्याला कमी पडतं. पण आकड्याआधी गोंगाटानंच ग्रुप कोलमडतो. २ नोव्हेंबर २०२५ चा रविवार आठवा. महिला विश्वचषकाची फायनल, नवी मुंबईत, आणि सलामीला आपल्या सांगलीत वाढलेली स्मृती मानधना. आमच्या गल्लीत पडदा लावायचा ठरलेला. मॅच तीनला सुरू व्हायची ती पावसामुळं पाचला सुरू झाली. मी अडीचलाच गल्लीच्या ग्रुपवर टाकलं की पडदा आत्ता नाही, टॉस झाल्यावर कळवतो. त्यावर दहा मिनिटांत शुभेच्छा, झेंडे, जुने फोटो असा पूर आला. माझा मेसेज पार वर गेला. तीनला पन्नास माणसं खुर्च्या घेऊन हजर. त्या दिवशी राग कुणालाच आला नाही, बायापोरं तिथंच बसून राहिली आणि रात्री जिंकल्यावर गल्लीत जो जल्लोष झाला तो मी जन्मात विसरणार नाही. पण जतची जीप आणि हा पडदा, चूक एकच होती.

इलाज आहे. मेसेज पिन करता येतो, एका वेळी तीन, आणि चोवीस तास, सात दिवस की तीस दिवस ठेवायचा ते ठरवता येतं. बदलाची खबर टाकली की लगेच पिन करावी. टाकलेला मेसेज दुरुस्त करायला मात्र पंधराच मिनिटं मिळतात. त्यानंतर चूक तशीच राहते, नाहीतर पूर्ण काढून टाकावी लागते.

ग्रुपचा दुसरा दोष मला जास्त बोचतो. प्रत्येकाचा नंबर प्रत्येकाला दिसतो. मार्च २०२३ मध्ये पहिली महिला महाराष्ट्र केसरी सांगलीत झाली आणि आपल्याच जिल्ह्याच्या प्रतीक्षा बागडीनं गदा घेतली. त्यानंतर पोरींना तालमीत घालणारे आईबाप वाढले, माझ्या ग्रुपातही आले. काही पोरी स्वतःच्या नंबरानं आल्या. तीन महिन्यांनी एक आई दुकानात आली आणि हळूच म्हणाली, "भाऊ, पोरीला रात्री अनोळखी फोन येत्यात. नंबर तुमच्या ग्रुपातनंच गेला असंल." खबर ऐकायला आलेल्या पोरीला हा त्रास माझ्यामुळं व्हावा, हे मला सहन झालं नाही. त्या आठवड्यातच मी दुसरा मार्ग शोधायला लागलो. मुलींचा संघ असेल तिथं मोठा खुला ग्रुप काढू नका, हे माझं ठाम सांगणं आहे.

ब्रॉडकास्ट लिस्टचं, म्हणजे एकच मेसेज प्रत्येकाला वेगवेगळा पाठवायच्या सोयीचं, थोडक्यात. २५६ माणसं, आणि ज्यानं तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यालाच मेसेज जातो. ओळखीतल्या वस्तादांसाठी ठीक, गावासाठी नाही.

चॅनेल

व्हॉट्सॲपवर चॅनेलची सोय (तिथं फक्त चालवणारा लिहितो, बाकीचे वाचतात) आपल्याकडं सप्टेंबर २०२३ मध्ये आली आणि मी त्याच हिवाळ्यात तिकडं गेलो. फॉलो करणाऱ्याचा नंबर दुसऱ्या फॉलोअरला दिसत नाही. या एका गोष्टीसाठीच मी ते घेतलं असतं. शिवाय हजार-दोन हजारांची अट नाही, गोंगाट नाही, आणि टाकलेली खबर तीस दिवसांपर्यंत दुरुस्त करता येते.

जतच्या बापाच्या दृष्टीनं त्यातली कामाची गोष्ट अशी: चॅनेलवरची खबर कुणी पुढं पाठवली की तिच्याबरोबर चॅनेलची वाट, म्हणजे लिंकही जाते. तिसऱ्या गावातल्या माणसानं त्यावर बोट ठेवलं की तो मूळ जागी येतो, ताजं काय ते बघतो. मात्र ही वाट त्या फॉरवर्डबरोबरच राहते. कुणी पोस्टरचं चित्र सेव्ह करून परत पाठवलं तर ती तुटते. म्हणून मी पोस्टरवर मजकूर कमी ठेवतो, वेळ आणि वजनं खाली लिहून देतो, आणि चित्रावर ठळक टाकतो: "निघण्याआधी चॅनेल बघा."

आता खोट. चॅनेल फॉलो केलं तरी त्याची घंटी आपोआप वाजत नाही, ती ज्याची त्यानं चालू करायची असते. आणि चॅनेल दिसतं ते चॅट सोडून दुसऱ्या पानावर. तिकडं आमच्या वस्तादांचं बोट जात नाही. आणखी एक, जुनी खबर दुरुस्त केली तर ज्यानं ती आधीच वाचली त्याला काहीच कळत नाही. म्हणजे आयत्या वेळच्या बदलाला निव्वळ चॅनेल पुरत नाही. दुरुस्ती करायचीच, वर "बदल" असं लिहून नवी खबरही टाकायची. पहिले दोन महिने मी दुकानात येणाऱ्या प्रत्येकाच्या फोनमधली घंटी स्वतः चालू करून दिली. कंटाळवाणं काम आहे, पण त्याशिवाय चॅनेल सुरू झालं असं मी धरत नाही.

फेसबुकचं पान फोटो आणि निकालांना चांगलं. वेळेच्या खबरीला घेऊ नका, चार दिवसांपूर्वीचं लोकांना आज दिसतं. रिक्षावरचा भोंगा त्याच दिवशीच्या बदलाला, त्याच गावात, अजूनही सगळ्यांत भरवशाचा. यात्रा कमिटीच्या खर्चात तो आधीच धरून ठेवायला सांगा.

त्या पोराला काय सांगितलं

तुझं गाव एवढंच क्षेत्र असेल तर फळा मुख्य ठेव. त्याच्या जोडीला वीस-पंचवीस जणांचा छोटा ग्रुप: वस्ताद, संघांचे कॅप्टन, कबड्डीच्या मॅडम, कमिटीतले दोघं. बदल आधी तिथं कळतो, तिथनंच विचारणा होते, आणि ते आपापल्या पोरांना फोन लावतात. आसपासच्या पाच-सात गावांची खबर द्यायची असेल तर फळ्याच्या जागी चॅनेल, छोटा ग्रुप तसाच. तिन्ही एकदम सारख्या तोलानं चालवू नकोस. तीन जागी तीन वेगवेगळ्या वेळा लिहिल्या गेल्या की लोक सोयीची ती खरी धरतात. मूळ जागा एक, बाकी सगळीकडं "तिथं बघा".

जागा बदलायची झाली तर जुना ग्रुप एका रात्रीत मोडायचा नाही. मी माझा अख्खा हंगाम ठेवला होता. फक्त ॲडमिननं लिहायचं असं सेटिंग केलं, नव्या चॅनेलची वाट पिन केली, ग्रुपच्या नावातच "आता चॅनेलवर" असं टाकलं. चार महिन्यांनीही माणसं विचारत होती.

सुट्टीही कळवावी. ऊस तोडायला गेलास, घरात लग्न निघालं, कधीतरी खबर थांबणारच. गप्प बसलास तर लोक समजतात की स्पर्धाच नाहीत. मी असं लिहितो: "अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत नव्या स्पर्धांची नोंद होणार नाही. रद्द झाल्याची खबर मात्र दुसरे ॲडमिन देतील."

आणि दुसरा ॲडमिन हवाच. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली. आमच्या गल्लीत पाणी, वीज नाही, माझा फोन दोन दिवस बंद. पोरं एकमेकांना विचारत होती की तालमीत झोपणारी मुलं कुठं हलवली, आणि ग्रुपात उत्तर टाकायचा अधिकार एकट्या माझ्याकडं, कारण तेव्हा मी ग्रुप फक्त ॲडमिनपुरता ठेवला होता. मुलं सुखरूप होती, पण त्यांच्या आयांना ते दोन दिवस कळलं नाही. तेव्हापासून माझा दुसरा ॲडमिन मी पूरपट्ट्याबाहेरचा निवडलाय.

पोरगा सगळं वहीत लिहून घेत होता. उठताना म्हणाला, आबांना दुसरे ॲडमिन करतो. मी म्हटलं, आबांना दिसत नाही ना? तर म्हणाला, "दिसत नाही, पण मी लिहिलेलं वाचून दाखवलं की चूक लगेच सांगतात. टाकायच्या आधी त्यांना ऐकवणार." मग त्यानं निळ्या आणि पांढऱ्या खडूची एकेक पेटी घेतली आणि पाचच्या एसटीसाठी निघाला.