चप्पल दुकानाचा साठा मोजायला शिकवणारा राजारामपुरीतला रविवारचा हिशेब क्लास : माझा अनुभव

या क्लासबद्दल बरेच जण विचारत होते म्हणून सविस्तर लिहिते. कोल्हापुरात राजारामपुरीत दुकानदारांसाठी दर रविवारी सकाळी एक हिशेबाचा क्लास चालतो, सहा रविवार, तीन-तीन तास, फी ३५०० रुपये. नाव-नंबर इथं टाकत नाही, कुणाला पाहिजे असेल तर मेसेज करा. विषय दोनच, दुकानातल्या मालाचा हिशेब आणि ताळेबंद-नफातोटा पत्रक वाचायचं कसं. मी जून-जुलैच्या बॅचला होते. आमचं कोल्हापुरी चप्पलचं दुकान आहे आणि पावसाळ्यात चामड्याच्या पायताणाला गिऱ्हाईक नसतं, त्यामुळं आम्हा चप्पलवाल्यांना शिकायला हाच सीझन.

मी का गेले ते आधी सांगते. दुकान सासऱ्यांचं, आम्ही सगळे त्यांना आबाच म्हणतो. त्यांना चामड्यावर हात फिरवला की कळतं माल अथणीचा का कापशीचा का सुभाषनगरातला. पण मार्चअखेरीला साठा किती म्हटलं की रॅककडं बघून एक आकडा सांगायचे आणि तोच आकडा टॅक्सवाल्याकडं जायचा, तोच बँकेच्या स्टॉक स्टेटमेंटमध्ये. यंदा आकडा सांगितला ११ लाख. पत्रकावर नफा बरा दिसत होता आणि तरी व्यापाऱ्याचं बिल आलं की दरवेळी ओढाताण. नफा झालाय तर पैसा कुठाय, हा प्रश्न घेऊन मी गेले होते.

त्याआधी मोबाईलवर एक इंग्रजी कोर्स बघितला होता. शिकवायला वाईट नव्हता पण सगळा अमेरिकेचा. त्यात शेवटी आलेला माल आधी विकला असं धरायची लिफो पद्धत दोन धडे भरून शिकवली, मी वहीत उतरवूनपण घेतली. इथं पहिल्याच दिवशी मॅडमनी सांगितलं (त्या सीए आहेत, वीसेक वर्षं कोल्हापुरातल्याच दुकानांचं काम बघतात) की अमेरिकेत लिफो चालतं पण आपल्याकडं अकाउंटिंग स्टँडर्ड २ मध्ये (साठ्याच्या हिशेबाचा नियम) ते बसत नाही, आपल्याला फिफो, म्हणजे आधी आलेला माल आधी विकला असं धरायचं, नाहीतर सरासरी. आणि लगेच फळ्यावर चपलांचंच उदाहरण घेतलं. पहिल्या खेपेला २० जोड ६०० रुपयांनी, दुसऱ्या खेपेला ३० जोड ६६० नी, विकले ३५. फिफोनं विकलेल्या मालाची खरेदी किंमत २१,९०० आणि शिल्लक १५ जोड ९,९०० चे. सरासरीनं जोड पडतो ६३६ ला, मग विकलेले २२,२६० आणि शिल्लक ९,५४०. माल तोच, गिऱ्हाईक तेच, आणि नफ्यात ३६० चा फरक फक्त पद्धतीमुळं! म्हणून एकदा धरलेली पद्धत दरवर्षी सोयीनं बदलायची नाही, हे त्यांनी त्या दिवशी चार वेळा तरी सांगितलं असेल.

दुसरा रविवार मला सगळ्यात जास्त आवडला. जोडाची किंमत म्हणजे नुसती बिलावरची नाही, तो दुकानात येईपर्यंतचा टेम्पो, हमाली त्यात धरायची. ५० जोडांना १,५०० भाडं लागलं तर जोडामागं ३० रुपये वाढले. पण पुण्याच्या गिऱ्हाइकाला कुरिअर केलं तर तो विक्रीचा खर्च, तो मालाच्या किमतीत नाही. खरेदीवर भरलेल्या जीएसटीचं क्रेडिट मिळत असेल, म्हणजे तो आपल्या भरायच्या टॅक्समधून वजा होत असेल, तर तो टॅक्स किमतीत धरायचा नाही, कंपोझिशनमध्ये (छोट्या दुकानदारांची सोपी जीएसटी योजना) असाल तर क्रेडिट नाही म्हणून धरायचा. आमच्यात आजवर टेम्पोभाडं सरळ घरखर्चाच्या वहीत जायचं!

आणि मग गृहपाठ. घरी जाऊन साठा प्रत्यक्ष मोजून या, अंदाज नको. दोन माणसं लागतात, एकानं मोजायचं एकानं लिहायचं, आणि लिहिणाऱ्याला जुना आकडा दाखवायचा नाही म्हणजे हात त्या आकड्याकडं ओढत नाही. आता मोजणी जूनमध्ये, ताळेबंद ३१ मार्चचा, मग मॅडमनी मागं कसं जायचं ते शिकवलं, एप्रिलपासून विकलेले जोड खरेदी किमतीनं परत मिळवायचे आणि नवीन आलेले वजा करायचे. मी आणि हे, आम्ही दोघं तीन रात्री दुकान बंद झाल्यावर बसलो. आबा पहिल्या रात्री म्हणाले, "माल हाय की समोर, त्यात मोजायचं काय?" दुसऱ्या रात्री ते स्वतःच स्टूल घेऊन बसले आणि कुठला जोड कुठल्या खेपेचा ते सांगायला लागले, आणि खरं सांगते त्यांच्याशिवाय ते काम झालंच नसतं, कारण जुन्या मालाला ना कोड ना चिठ्ठी.

मोजल्यावर निघाले १० लाख २० हजार. ८० हजार कमी. मी घाबरले, चोरी का काय. मॅडमनी पुढच्या रविवारी माझी वही घेऊन सगळ्यांसमोर सोडवून दाखवली (मला विचारून). ४८ जोड जांगडचे होते, म्हणजे विकले तर पैसे नाहीतर माल परत, ते मालकीनं त्या कारागिराचेच. ते आमच्या खरेदीत कुठंच नव्हते पण आबांच्या नजरेतल्या साठ्यात होते, ७५० नी ३६ हजार झाले. आणि ८८ जोड मागच्या पावसाळ्यात बुरशी धरलेले, खरेदी ७५० ची, आता पॉलिश-दुरुस्तीला ५० घालून ३०० ला जातील, म्हणजे हातात २५० येणार. नियम असा की खरेदी किंमत आणि विकून हातात येणारी रक्कम यातली जी कमी तीच धरायची. जोडामागं ५०० कमी, ४४ हजार. ३६ आणि ४४, झाले ८०. चोरी नव्हती! त्या दिवशी घरी येऊन आबांना सांगताना मला रडू आलं, कारण दुकानातल्या पोरावर एक दिवस माझ्या मनात शंका आली होती.

आता याचा नफ्यावर काय परिणाम. सुरुवातीचा साठा ८ लाख ४० हजार, वर्षाची खरेदी भाड्यासकट २६ लाख ६० हजार, त्यातून अखेरचा साठा वजा केला की विकलेल्या मालाची किंमत. जुन्या आकड्यानं ती २४ लाख, नव्यानं २४ लाख ८० हजार. विक्री ३२ लाख. ढोबळ नफा ८ लाखांवरून ७ लाख २० हजारांवर आला, २५ टक्क्यांचा साडेबावीस टक्के. आणि चुकीचा आकडा तसाच ठेवला असता तर तोच पुढच्या वर्षीचा सुरुवातीचा साठा झाला असता आणि पुढच्या वर्षीचा नफा तेवढाच कमी दिसला असता. दोन वर्षं खोटी, एका अंदाजानं. रिटर्न भरायचं होतं म्हणून वेळेत दुरुस्त झालं.

बँकेचंही तसंच. साठ्यातून व्यापाऱ्यांचं देणं वजा करून उरलेल्यावर साधारण २५ टक्के मार्जिन कापून कॅश क्रेडिटची, म्हणजे साठ्यावर बँक देते त्या खेळत्या कर्जाची, उचल ठरते. आमचं देणं ५ लाख २० हजार, मग जुन्या आकड्यानं साठ्यावर ४ लाख ३५ हजार, खऱ्यानं ३ लाख ७५ हजार. दुसऱ्याचा जांगड माल आपला म्हणून बँकेला दाखवणं हे चूकच, ते आम्ही नकळत करत होतो, आता बंद केलंय.

एका काकांनी विचारलं, मी उलाढालीच्या ८ टक्के नफा धरून टॅक्स भरतो, मला मोजायची काय गरज. मॅडम म्हणाल्या तो आकडा सरकारसाठी आहे, तुमचं दुकान चाललंय का बुडतंय ते त्यात दिसत नाही. हे मला पटलं.

चौथ्या रविवारी धो धो पाऊस, सगळ्यांच्या तोंडी पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी, ३९ फूट इशारा ४३ धोका. शाहूपुरीतले एक कापडवाले होते, २०१९ ला आणि २०२१ ला दोन्ही पुरात त्यांचा माल गेला. त्यांनी विचारलं तो माल वहीत कुठं घालायचा. हे नोट्समध्ये नव्हतं, तरी मॅडमनी अर्धा तास दिला. पुरात गेलेला माल विकलेल्या मालात मिसळायचा नाही, नाहीतर नफ्याची टक्केवारीच खोटी पडते, तो वेगळा तोटा म्हणून दाखवायचा, विम्याचे मिळतील ते त्यातून वजा. आणि नष्ट झालेल्या मालावर घेतलेलं जीएसटी क्रेडिट परत करावं लागतं, हे तर वर्गात निम्म्या लोकांना माहीत नव्हतं. पंचनामा, फोटो, आणि पूर यायच्या आधीची मोजणीची यादी हातात पाहिजे, यादीच नसेल तर गेलं किती ते सांगणार कसं. कापडवाले बराच वेळ गप्प बसून होते.

आता जे नाही आवडलं ते. शेवटचे दोन रविवार ताळेबंद वाचायचे, तिथं गाडी फार पळवली. वेगळे सर होते, बँकेतून रिटायर झालेले, ज्ञान आहे पण एका मोठ्या मोटार कंपनीचा अहवाल घेऊन बसले आणि आम्हाला गुणोत्तरं धडाधड लिहून दिली. आम्हाला आमच्या दुकानाचं पाहिजे होतं. मी घरी येऊन आमच्या आकड्यांवर लावून बघितलं तेव्हा कळलं. सरासरी साठा ९ लाख ३० हजार, म्हणजे माल वर्षात २.६७ वेळा फिरतो, एक जोड सरासरी १३७ दिवस रॅकवर. साडेचार महिने! चालू मालमत्ता (साठा, उधारी, रोकड) १३ लाख, चालू देणी (वर्षाच्या आत द्यायची) ९ लाख ७५ हजार, गुणोत्तर १.३३, बँकवाले पूर्वीपासून जेवढं मागतात बरोबर तेवढं, म्हणजे वरून छान. पण साठा बाजूला काढला की गिऱ्हाइकांकडची उधारी आणि रोकड मिळून २ लाख ८० हजार, ०.२९. म्हणजे एक रुपया देण्यामागं हाताशी २९ पैसे आणि बाकी सगळं चपलांत. मी जो प्रश्न घेऊन गेले होते त्याचं उत्तर हे होतं, आणि ते वर्गात नाही, घरी स्वयंपाकघरातल्या टेबलावर मिळालं. त्या सरांनी एकाचं जरी दुकान फळ्यावर घेतलं असतं तर तीस जणांना मिळालं असतं.

नोट्स सगळ्या इंग्रजीत, हेही बदला. शिकवतात छान मराठीत आणि कागद हातात देतात तो इंग्रजी. आमच्या शेजारी बसणाऱ्या मावशी रोजमेळ-खतावणी डोळे झाकून लिहितील पण त्यांना तो कागद वाचून दाखवावा लागायचा.

तरी ३५०० वसूल झाले असं मी म्हणेन, पहिल्या चार रविवारांसाठीच. माल ठेवून विकणाऱ्यांनी जावं, किराणा, कापड, चप्पल, भांडी काहीही. नुसती सर्व्हिस देणाऱ्यांनी जाऊ नये, त्यांच्या कामाचं यात थोडंच आहे. जाताना मागच्या वर्षीचा ताळेबंद घेऊन जा आणि पाचव्या रविवारी सरांसमोर तोच ठेवा, मोटार कंपनीचा नको म्हणा.

आमच्याकडं आता प्रत्येक खेपेच्या जोडाला वेगळ्या रंगाचा दोरा बांधतात, ही युक्ती आबांची. जांगडचा लाल.