घर, संत्र्याची बाग आणि तीन वारस : वाटणी कोणत्या पद्धतीने करावी?

वारशात कोणाचा किती हिस्सा, हे कायदा सांगतो. २००५ च्या दुरुस्तीपासून हिंदू एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क आहे. कोणती वस्तू कोणी घ्यावी हे मात्र तो वारसांवर सोडतो, आणि वाद बहुधा तिथेच पेटतो. नागपूरच्या धरमपेठेतले घर आणि काटोल तालुक्यातली संत्र्याची बाग तीन भावंडांत समान वाटायची आहे, असे धरू. थोरल्याचा जीव घरात, ताईचा बागेत, आणि पुण्यात स्थायिक झालेल्या धाकट्याला रोख रक्कम सोयीची. आवडी अशा वेगळ्या असणे अडचणीचे वाटते खरे, पण पद्धत नीट निवडली तर त्यामुळेच प्रत्येकाच्या पदरात स्वतःच्या हिशेबाने तिसऱ्या हिश्शाहून अधिक पडते.

ईश्वरचिठ्ठी सर्वांत सोपी आणि निःपक्षपाती. पण चिठ्ठीला आवड कळत नाही, त्यामुळे बाग धाकट्याच्या आणि घर ताईच्या नावे निघून तिघेही नाराज होऊ शकतात. सारख्या किमतीच्या भूखंडांपुरतीच ती ठीक. सगळे विकून पैसे वाटणे धाकट्याला मानवेल, परंतु बाजारभावात न मोजली जाणारी थोरल्याची आणि ताईची ओढ त्यात वाया जाते. प्रत्यक्ष वाटणी सोयीची नसेल आणि निम्म्याहून कमी नसलेल्या हिश्शाचे मालक मागणी करतील, तर १८९३ च्या विभाजन कायद्यानुसार न्यायालयही विक्रीचा आदेश देऊ शकते. प्रकरण तिथवर जाऊ न देणे बरे.

‘एकाने भाग पाडावे, दुसऱ्याने आधी उचलावा’ हा दोघांचा जुना न्याय तिघांपर्यंत नेणारी रीत पोलिश गणिती स्टाइनहाउस यांनी १९४८ मध्ये मांडली. ती बानाख आणि क्नास्टर यांनी शोधलेली होती. पहिल्याने आपल्या मते तिसरा हिस्सा आखावा, इतरांना तो मोठा वाटल्यास त्यांनी क्रमाने छाटावा, आणि शेवटी छाटणाऱ्याने तोच घ्यावा. केवळ बाग वाटायची असेल तर ही रीत उत्तम, कारण धुरा, म्हणजे शेताचा बांध, सरकवता येतो. विहीर मात्र कापता येत नाही. पाण्याच्या पाळ्या आधीच ठरवाव्या लागतात. घरासाठी ही रीत निरुपयोगी आहे.

अशा मिश्र मालमत्तेसाठी माझा कौल क्नास्टर यांच्याच बंद पाकिटातील बोलीला आहे. प्रत्येकाने दोन्ही वस्तूंची आपल्या मनातली किंमत लिहून द्यायची. समजा, थोरल्याने घराला १२० लाख व बागेला ३० लाख लिहिले, ताईने ९० व ६०, धाकट्याने ९८ व ३४. ज्याची किंमत सर्वांत जास्त, वस्तू त्याची: घर थोरल्याला, बाग ताईला. प्रत्येकाचा हिस्सा त्याच्याच बेरजेच्या तिसऱ्या भागाइतका, म्हणजे अनुक्रमे ५०, ५० आणि ४४ लाख. थोरला जादाचे ७० आणि ताई १० लाख सामायिक रकमेत भरते, धाकटा ४४ उचलतो, आणि उरलेले ३६ लाख प्रत्येकी १२ असे वाटले जातात. अखेरीस थोरल्याच्या खिशातून ५८ लाख जातात, ताईला बागेवर २ लाख मिळतात आणि धाकट्याला ५६ लाख. आपापल्या किमतींनुसार तिघांनाही हिश्शाहून १२ लाख जास्त लाभले.

उणिवाही आहेत. इतरांचे आकडे फुटले, तर थोरला घराला १२० ऐवजी ९९ लिहून नऊ लाखांहून अधिक वाचवू शकतो. म्हणून पाकिटे तिऱ्हाइताकडे द्यावीत आणि एकाच वेळी उघडावीत. शिवाय ५८ लाख उभे करण्याची ऐपत हवी, नाहीतर ज्याच्याकडे पैसा त्याचीच आवड चालते. कर्ज मिळत नसेल, तर हप्ते, त्यांच्या तारखा आणि व्याज बोलीपूर्वीच ठरवावे.

कोणतीही रीत निवडली, तरी वाटणीपत्राची नोंदणी आणि सातबाऱ्यावरील फेरफार चुकत नाही. बागेबाबत आणखी एक कलम पाकिटे उघडण्यापूर्वी लिहून घ्यावे: झाडावरचा बहार व्यापाऱ्याला आधीच विकून इसार घेतला असेल, तर तो इसार आणि तोडणीनंतर येणारी बाकी रक्कम तिघांची की बाग घेणाऱ्याची.